खाटेच्या आधीची चाळीस वर्षं

मागच्या वर्षी चिखलीतल्या आमच्या सोसायटीत आयुष्मान वय वंदना कार्ड काढून देण्याचं शिबिर झालं. टेबलावर लॅपटॉप, अंगठा लावायचं यंत्र आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सोसायटीतली सगळी ज्येष्ठ मंडळी. तळमजल्यावरचे काका ७१ वर्षांचे. त्यांचं कार्ड दहा मिनिटांत निघालं. माझे वडील, अण्णा, ६४ वर्षांचे. त्यांचं निघालं नाही, कारण या कार्डाला सत्तरीची अट आहे. टेबलामागचा मुलगा भला होता. म्हणाला, "काळजी करू नका, महात्मा फुले योजनेत तुम्ही आहातच. ॲडमिट झालात की पाच लाखांपर्यंतचा खर्च त्यातून होतो." अण्णांना नीट ऐकू येत नाही. मी ते वाक्य त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन मोठ्याने पुन्हा म्हटलं. अण्णांनी विचारलं, "आणि ॲडमिट नाही झालो तर?"

"मग चांगलंच की, काका!" मुलगा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

त्या रात्री अण्णांचा गोळ्यांचा डबा माझ्या हातात आला. आत ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या, पण अर्ध्या अर्ध्या. नेलकटरने नीट मधोमध तोडलेल्या. विचारलं तर म्हणाले, "अर्धीनेही भागतं." मग आईने सांगितलं, की माझी नोकरी गेली होती त्या चार महिन्यांत त्यांनी हे सुरू केलं, ते अजून चालू आहे. मला परत नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं. ही सवय त्यांनी सोडली नव्हती आणि मला पत्ता नव्हता.

ॲडमिट नाही झालो तर, हा अण्णांचा प्रश्न विनोद नव्हता. आपल्याकडच्या वृद्धांच्या आरोग्य धोरणाला विचारता येईल असा तो सगळ्यांत नेमका प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कुणाकडे नाही.

आधी श्रेय द्यायचं तिथे देऊ. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण दिलं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता उत्पन्नाची अट न घालता सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि तिची मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. ज्यांच्या घरात बायपाससाठी जमीन विकली गेली आहे, त्यांना या आकड्यांचं मोल विचारा. मी या योजनांच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की या दोन्ही योजना माणूस खाटेवर आडवा झाल्यावर सुरू होतात. त्याआधीची गोळी, तपासणी, चष्मा, कानाचं यंत्र यांतलं काही त्या देत नाहीत. आणि म्हातारपणातली विषमता खाटेवर निर्माण होत नाही. ती त्याआधीच्या चाळीस वर्षांत तयार होते. खाट समान करून आपण ती मिटवली असं समजतो, ही स्वतःची फसवणूक आहे.

तळमजल्यावरचे काका आणि अण्णा या दोघांचंच उदाहरण घ्या. दोघंही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गावाकडून इथे आले. दोघांचं शिक्षण सारखं, दोघं बिननशेचे, दोघं रोज पहाटे उठणारे. काकांना एका मोठ्या वाहन कंपनीत चिकटवलं त्यांच्या मामाने. दोन वर्षांत ते परमनंट झाले. अण्णा भोसरी एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागले. ते भाग शेवटी काकांच्याच कंपनीतल्या गाड्यांना बसायचे. म्हणजे एकाच गाडीवर दोघांनी काम केलं. फक्त एकाने गेटच्या आत आणि दुसऱ्याने गेटपासून चार किलोमीटर लांब.

पुढच्या पस्तीस वर्षांत काय फरक पडला, याची यादी साधी आहे. काकांना कॅन्टीनमध्ये रोज ताजं जेवण, वर्षातून एकदा डॉक्टरची तपासणी, कानात घालायचे प्लग, युनियन, दर तीन-चार वर्षांनी पगारवाढीचा करार आणि निवृत्तीनंतर कंपनीची मेडिक्लेम. अण्णांना सात वर्कशॉप, चार कंत्राटदार, डब्यातलं गार जेवण आणि प्रेसचा आवाज. काकांचं ब्लडप्रेशर ४३व्या वर्षी कंपनीच्या तपासणीत सापडलं आणि तेव्हापासून गोळी चालू आहे. अण्णांचं ५६व्या वर्षी सापडलं, चक्कर येऊन पडल्यावर. मधली तेरा वर्षं ते नव्हतं असं नाही. ते कुणी मोजलं नव्हतं. या तेरा वर्षांची भरपाई पाच लाखांच्या कोणत्या पॅकेजमध्ये येते?

यावर लगेच येणारं उत्तर मला माहीत आहे: कामगारांना तंबाखू लागते, ते स्वतःची काळजी घेत नाहीत. लंडनमध्ये व्हाइटहॉलच्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. सगळे सरकारी कार्यालयांत काम करणारे, कुणीही उपाशी नाही, आणि सगळ्यांना सरकारी मोफत उपचार. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचं मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरला. एकाच इमारतीतल्या बाबू लोकांमध्ये पायरीपायरीने आयुष्य कमी होत असेल, तर परमनंट आणि कंत्राटी यांच्यातली दरी कुठवर जात असेल, याचा अंदाज करायला अभ्यासाचीही गरज नाही.

अण्णांच्या कानांची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात कायद्याची सगळी चलाखी दिसते. कारखाना कायद्यात आवाजाने येणारं बहिरेपण हा नोंद करायचा आजार होता. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही तो होता. म्हणजे कागदावर अण्णांना भरपाई मिळायला हवी होती. पण त्याच कायद्यात अट होती, की त्या एका मालकाकडे सलग किमान सहा महिने नोकरी झालेली असली पाहिजे. दुसऱ्या मालकाकडे त्याच कामावर घालवलेला काळ त्यात धरायचा नाही. आता भोसरी, तळवडे, चाकणमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, कंत्राटदार ब्रेक कधी देतो. कागदावर नाव बदलतं, कंत्राटदार बदलतो, माणूस त्याच प्रेससमोर उभा असतो. कान मात्र ब्रेक घेत नाहीत. ते एकतीस वर्षं सलग नोकरी करतात.

पेन्शनचंही तसंच. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ची. तिचं सूत्र असं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा २०१४पासून १५,००० रुपये. दहा वर्षांची सेवा असेल तर या मर्यादेवरही महिन्याला सुमारे २,१४३ रुपये होतात. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४पासून तशीच. अण्णांसारख्या माणसांनी यूएएन नंबर येण्यापूर्वी प्रत्येक कंत्राटदार सोडताना पीएफ काढून घेतला. बहिणीच्या लग्नाला, माझ्या डिप्लोमाच्या फीला. प्रत्येक वेळी सेवेची मोजणी पुन्हा शून्यापासून. शेवटच्या अकरा वर्षांवर त्यांना आज चौदाशे रुपयांच्या आसपास पेन्शन मिळते. त्यांच्या ब्लडप्रेशर आणि शुगरच्या गोळ्या महिन्याला साधारण सतराशेच्या होत्या. अर्ध्या गोळीचं गणित इथे आहे. त्यासाठी अडाणीपणा लागत नाही. उलट हिशेब चांगला यावा लागतो.

जन औषधी दुकानात त्याच गोळ्या पाचशेच्या आत मिळतात, हे मला नंतर कळलं. मी इंजिनियर आहे, दिवसभर स्क्रीनसमोर असतो, म्हणून कळलं. अण्णांना हे सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं.

आणि ईएसआय? नोकरीत असताना अण्णांना ईएसआयचा खरोखर आधार होता. माझा जन्म त्याच कार्डावर झाला. निवृत्त कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःवर आणि जोडीदारावर उपचार घेता येतील, असाही नियम आहे. उत्तम नियम. अट एवढीच, की किमान पाच वर्षं विमाधारक असावं आणि निवृत्तीचं वय गाठून किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडावं. अण्णांना ५७व्या वर्षी सांगण्यात आलं, की उद्यापासून येऊ नका, ऑर्डर नाहीत. पत्र नाही, निरोप समारंभ नाही. निवृत्त व्हायलाही आपल्याकडे कुणीतरी निवृत्त करावं लागतं. जो नुसताच गळून पडला, तो कोणत्याच रकान्यात बसत नाही. नियम बदलता येत नाहीत असंही नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये, पगारमर्यादा ओलांडल्यामुळे योजनेबाहेर गेलेल्या काही निवृत्तांना महामंडळाने आत घेतलंच. म्हणजे दार उघडतं. कुणासाठी उघडायचं, एवढाच प्रश्न असतो.

या शहराकडून अशी हयगय होणं जास्त बोचतं, कारण पिंपरीची औद्योगिक ओळखच औषधापासून सुरू झाली. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. स्वस्तात पेनिसिलिन मिळावं म्हणून सरकारने काढलेला कारखाना. साठच्या दशकात एमआयडीसी आली, १९७०मध्ये नगरपालिका, १९७२मध्ये कामगारांच्या घरांसाठी नवनगर प्राधिकरण, १९८२मध्ये महानगरपालिका. शेड, पाणी, वीज, रस्ते, प्लॉट सगळं मोजूनमापून आखलं. आणलेली माणसं चाळीस वर्षांनी म्हातारी होतील, हे मात्र कोणत्याच आराखड्यात दिसत नाही. ती वेळ आता आली आहे. ऐंशीच्या आसपास विशीत आलेली अख्खी पिढी आज साठी-सत्तरीत आहे. एके काळी आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणून मिरवलेल्या शहरात ती जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत चढते आहे.

चाकणची स्थिती तर आणखी विचित्र. कारखाने तिथे, कामगार तिथे, पण तो भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर. २०१८मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झालं, त्यात चाकण आलं. म्हणजे कामगाराने संप केला किंवा खोलीवर भांडण केलं, तर शहर त्याच्यापर्यंत पोचतं. त्याच्या आईची शुगर वाढली, तर शहर मोशीलाच संपतं. पुढे ग्रामीण रुग्णालय, नाहीतर खासगी डॉक्टर, नाहीतर नाशिक महामार्गाच्या ट्रॅफिकमधून वायसीएम. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या, वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने १९७१ साली लिहिलं होतं, की चांगल्या उपचारांची उपलब्धता ही गरजेच्या उलट प्रमाणात असते. त्याने त्याला नियम म्हटलं. खराबवाडी, महाळुंगे, निघोजेच्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगांतून एकदा फिरून या आणि हिंजवडीच्या रस्त्यावरच्या मल्टिस्पेशालिटीच्या पाट्या मोजा. नियम समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरं नेहमीचं उत्तर असतं: मुलं कशासाठी आहेत? २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदाही मुलांवर जबाबदारी टाकतो. गंमत म्हणजे त्या कायद्यात ज्येष्ठत्व साठीला सुरू होतं, वय वंदना कार्डात सत्तरीला. मधली दहा वर्षं कायद्याने म्हातारं असायचं आणि योजनेने तरुण. असो. मी मुलगा आहे आणि जबाबदारी टाळत नाही. पण माझ्या जबाबदारीचं स्वरूप बघा. अण्णा-आई माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहेत. माझी आधीची नोकरी गेली, त्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप परत केला आणि त्याच दिवशी त्यांचा विमा संपला. एचआरच्या बाईंनी फार नम्रपणे सांगितलं. मी बाहेरून पॉलिसी घ्यायची चौकशी केली. आता विम्याला वयाची वरची मर्यादा नाही, आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला नियामकाशी आधी बोलावं लागतं, हे खरं. पण शुगर, ब्लडप्रेशरसह मला सांगितलेला हप्ता अण्णांच्या वर्षभराच्या पेन्शनच्या दुपटीहून जास्त होता. आणि त्यातही ओपीडी नव्हती. गोळ्या शेवटी माझ्या पगारातूनच येणार होत्या.

म्हणजे या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसाची तब्येत त्याच्या मुलाच्या नोकरीवर उभी आहे. मुलगा आयटीत असेल तर आईचा गुडघा बदलला जातो. मुलगा चाकणच्या लाइनवर कंत्राटी असेल तर आई बाम लावते. वारसा वरून खाली येतो असं आपण समजतो. इथे तो खालून वर जातो. ज्याला मूल नाही, किंवा मुलीच आहेत आणि त्यांच्या हातात पैसा नाही, त्या बाईने काय करायचं? माझी आई वीस वर्षं घरी बसून रबरी वॉशरची धार कापायची, किलोवर पैसे. तिच्या बोटांचे सांधे आज वाकडे आहेत. कारखाना कायद्याच्या दृष्टीने ती कधी कामगारच नव्हती.

सरकारच्याच 'लासी' पाहणीनुसार साठीवरच्या सुमारे ७५ टक्के लोकांना कोणता ना कोणता जुनाट आजार आहे. जुनाट आजार म्हणजे रोजची गोळी, महिन्याची तपासणी, वर्षाचा चष्मा. म्हणजेच ओपीडी. चारातल्या तिघांची गरज जिथे आहे, तिथे आपण हात आखडता घेतो, आणि ती गरज न भागल्याने लकवा मारला की पाच लाखांचं कार्ड पुढे करतो. अर्धी गोळी वाचवून पूर्ण लकवा विकत घेणं, हा हिशेब माझ्या कोडमध्ये असता तर रिव्ह्यूत पहिल्याच ओळीला अडकला असता.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून मागण्या स्वस्त ठेवतो.

एक, साठीवरच्या प्रत्येकाला रक्तदाब आणि मधुमेहाची गोळी, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, महिन्याची एकदम आणि फुकट. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि हद्दीबाहेर चाकणमध्येही. एका अँजिओप्लास्टीच्या खर्चात अशा किती माणसांचं वर्ष निघेल, ते कुणीही हिशेब करून बघावं.

दोन, ईएसआयचा निवृत्तीनंतरचा उपचार शेवटची नोकरी कशी संपली यावर ठरू नये. आयुष्यात एकूण किती महिने वर्गणी भरली यावर ठरावा. मालक किती बदलले, याला महत्त्व नाही. आवाजाने आलेल्या बहिरेपणाच्या भरपाईचंही तसंच व्हावं.

तीन, २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी चाळिशीपुढच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणीचा हक्क दिला आहे. चांगली गोष्ट. पण तो अहवाल कंपनीच्या कपाटात राहिला तर उपयोग नाही. तो कामगाराच्या नावावर, त्याच्यासोबत गेटबाहेर गेला पाहिजे. पीएफसाठी यूएएन आहे, आरोग्यासाठी चौदा अंकी आभा क्रमांक आहे. हे दोन जोडून कानाची तपासणी, फुप्फुसाची तपासणी साठवणं यात तांत्रिक अडचण काहीही नाही. हे मी माझ्या धंद्याच्या अधिकाराने सांगतो. अडचण ही आहे, की असा अहवाल हा पुरावा असतो, आणि पुरावा कुणाला नको असतो ते उघड आहे.

चार, कानाचं यंत्र, चष्मा, कवळी यांना उपचार म्हणा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना यासाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. कानाचं चांगलं यंत्र त्यात येत नाही, आणि ते एकदाच घेऊन आयुष्यभर पुरतही नाही. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणं सोडतो, मग बाहेर जाणं सोडतो. अण्णांचं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे सगळं आत्ता करायचं आणखी एक कारण आहे. सकाळी सहाला तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसची वाट बघत उभी असलेली पोरं बघा. वीस-बावीस वर्षांची, पाठीवर सॅक, बीड, नांदेड, बुलढाण्याकडची, कुणी यूपी-बिहारची. त्यांच्या आधीच्या तुकडीतल्या कित्येकांनी 'नीम'च्या नावाखाली ट्रेनी म्हणून तेच काम केलं, पीएफ आणि ईएसआयशिवाय. हे लोक २०६५च्या सुमाराला साठीचे होतील. त्यांचं म्हातारपण तेव्हा ठरणार नाही. ते आत्ता ठरतंय, या महिन्याच्या ब्रेकमध्ये.

अण्णा आता पूर्ण गोळी घेतात. दर रविवारी डबा मी भरतो आणि नेलकटर माझ्या ड्रॉवरमध्ये असतं. पण हा उपाय एका घराचा आहे, आणि माझी नोकरी आहे तोवरचा. शिबिरातल्या त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या स्क्रीनवर अण्णांच्या प्रश्नाला रकानाच नव्हता. तो रकाना ज्यांनी तयार करायचा, त्यांना मात्र तो प्रश्न मी पुन्हा विचारतो, त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन, मोठ्याने: ॲडमिट नाही झालो तर?